तांब्याचं विष आणि त्याचा राखणदार

आमचे सर इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी दोनदा टकटक करायचे. इनक्युबेटर म्हणजे जिवाणू वाढवायची उबदार पेटी. आमच्या नळदुर्गच्या कॉलेजात ती एकच होती, आणि तिची कडी मोडल्यामुळं दाराला सुतळी बांधलेली असायची. सुतळी सोडायची, टकटक करायचं, क्षणभर थांबायचं आणि मग दार उघडायचं. पहिल्या दिवशी आम्ही पोरी तोंडाला ओढणी लावून हसलो. सर मागं न बघता म्हणाले, "हसा. पन कुनाच्या घरात जाताना कडी वाजवावी, एवढं तर आईनं शिकवलं असंल की."

सर मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे. त्यांच्या वर्गात 'जंतू' हा शब्द उच्चारायला बंदी होती. "जंतू म्हनलं की मानूस फिनेल आनायला पळतो. त्यांना नावं हायत, नावानं बोलवा." पुस्तकी मराठी त्यांना उत्तम येत होती, परीक्षेचे पेपर ते तिच्यातच काढायचे, पण शिकवताना मात्र तेरकडची बोली. तेर हे त्यांचं गाव. कुणी तरी प्राचार्यांकडं तक्रार केली की सर गावंढळ बोलतात. सर प्राचार्यांना म्हणाले, "जिवानूला कुठं कळतंय म्या कुठल्या भाषेत बोलतो ते? पोरांना कळतंय, बास झालं."

सरांनी लग्न केलं नव्हतं. हायवेलगत रज्जाकमामांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं नव्या तारा गुंडाळून घ्यायला यायच्या, आणि त्या दुकानाच्या माडीवर सर भाड्यानं राहायचे. खोलीत वार्निशचा वास भरून असायचा. त्या वासाची मला इतकी सवय झाली, की अजूनही कुठं वार्निश लावलेलं दिसलं की पाठ ताठ होते आणि वाटतं, आता कुणी तरी प्रश्न विचारणार.

सरांची बंडी सगळ्या नळदुर्गात माहीत होती. शिंप्याकडून त्यांनी ती खास शिवून घेतली होती, आतल्या बाजूला पोटावर अरुंद खिशांची रांग असलेली. एका वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर विजेची डीपी जळाली आणि दोन दिवस लाइट नव्हती. इनक्युबेटर गार पडला. सरांनी दह्याच्या जिवाणूंच्या सगळ्या परीक्षानळ्या बुचं घट्ट लावून त्या खिशांत सरकवल्या आणि वरून सदरा घातला. "मानसाच्या अंगाची ऊब त्यांना चालती. फुकटचा इनक्युबेटर हाय, तो बी चालता." त्याच दिवशी प्राचार्यांच्या मुलाचं लग्न. मंगल कार्यालयाच्या दारात प्राचार्य हात पसरून गळाभेटीला आले, तर सर चार पावलं मागं सरले आणि ओरडले, "लांबून, लांबून! पोटाशी लेकरं हायत!" प्राचार्य कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. आमचं प्रॅक्टिकल मात्र झालं.

पण या सगळ्या गमती वरवरच्या. सरांचा खरा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, आणि ती गोष्ट म्हणजे विष.

काही जिवाणू विष तयार करतात, आणि तेही आपल्याच जातभाईंना मारायला. अन्न कमी आणि तोंडं जास्त झाली, की हे विषाचं प्रोटीन बाहेर सोडायचं. ते शेजारच्या पेशीत शिरतं आणि तिच्या आतली जनुकांची दोरी कातरून टाकतं. मग विष बनवणारा स्वतः का मरत नाही? तर तो विषाबरोबर दुसरं एक लहानसं प्रोटीन बनवतो. ते विषाच्या अंगाला नेमक्या जागी चिकटतं आणि त्याचं कातरणं बंद पाडतं. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. सर त्याला राखणदार म्हणायचे. खिशातून अडकित्ता काढायचे, त्याच्या तोंडात लाकडाची खुंटी घालायचे आणि दाबून दाखवायचे. "हे बघा, धार हाय तशी हाय. खुंटी हाय तवर बोट घाला, काय व्हत न्हाय." मग खुंटी काढून सुपारी फोडायचे आणि वर्गातच खायचे.

या विषाशी सरांचं जुनं वैर होतं. एकदाच, कुठल्याशा परीक्षेचा पहारा संपल्यावर, त्यांनी मला ते सांगितलं. तरुणपणी ते एका मोठ्या शहरातल्या संस्थेत संशोधनाला गेले होते. घरात पहिलाच शिकलेला पोरगा. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. त्यांना काम दिलं होतं ते हेच, एका विषारी प्रोटीनची घडण शोधायचं. त्यासाठी आधी ते प्रोटीन साध्या जिवाणूंकडून बनवून घ्यायचं. सर रोज संध्याकाळी पेशी लावायचे आणि रोज सकाळी त्या मेलेल्या असायच्या. मरणारच. विष आत बनत होतं आणि राखणदार दिलेलाच नव्हता. तिथले मार्गदर्शक म्हणाले, तुझ्या हाताला यश नाही. सर हाताला यश नाही असं समजून गाशा गुंडाळून परत आले. पुढं कितीतरी वर्षांनी एका मासिकात वाचलं, की असं विष बनवायचं तर राखणदार बरोबर बनवावा लागतो, दोघं जोडीनं हाती येतात. शेजारच्या खोलीतल्यांना तेव्हाही ते ठाऊक होतं.

"चुकलं याचं काय वाटत न्हाय," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पन म्हाईत असून कुनी सांगितलं न्हाय, माय. त्याचं लई वाटतं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. ते पुढं माझ्याच मानगुटीवर बसणार आहे हे कळायला मी काही ज्योतिषी नव्हते.

तर त्या विषाचं आणि राखणदाराचं सरांनी मॉडेल केलं होतं. कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकचं झाकण घालून. सरांनी सायबर कॅफेतून चित्रं छापून आणली आणि खाली रज्जाकमामांना दिली. प्रोटीनची साखळी बऱ्याच ठिकाणी स्प्रिंगसारखी वेटोळी घेत जाते. कुठलं वेटोळं केवढं, ते सरांनी सांगायचं आणि मामांनी जळक्या मोटारींच्या तांब्याच्या तारा सळईवर गुंडाळून तशी वेटोळी करायची. विष उघड्या तांब्याचं, लालसर. राखणदाराच्या तारेवर मोटारीतलीच पिवळी नळी चढवलेली. विषाच्या एका बाजूला खाच होती, राखणदाराचं एक वेटोळं तिच्यात जाऊन बसायचं आणि 'टच्' असा आवाज यायचा. सर प्रत्येकाला डोळे मिटून ते बसवायला लावत. कुठं बसतं ते हाताला कळलं पाहिजे म्हणायचे. शेजारून ट्रक गेला की टेबलावरचं मॉडेल थरथरायचं, आणि कुणी ते धरायला गेलं तर सर थांबवायचे. "थरथरू द्या. खरं प्रोटीन बी असंच थरथरतं. पुस्तकातलं चित्र तेवढं गप बसतं."

मी बी.एस्सी. झाले आणि हैदराबादच्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी मुलाखतीला बोलावणं आलं. आमच्या घरातून कुणी उमरग्याच्या पलीकडं एकटं गेलेलं नव्हतं. सरांनी मॉडेल खोक्यात भुसा भरून बांधलं आणि एसटीत आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "बोलताना अडलीस तर हे काढ. हात बोलायला लागतात." कंडक्टरला बजावलं, "टपावर टाकू नगा. आत विष हाय." कंडक्टर हैदराबाद येईपर्यंत माझ्याकडं संशयानं बघत होता.

मुलाखतीत मी अडलेच. मग मॉडेल काढलं, आणि खरंच हात बोलायला लागले. विष, खाच, राखणदार, टच्. समोरचे सगळे पुढं वाकले. त्यांच्यात एक वयस्कर बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, उजव्या हाताचा अंगठा वर केला, बोटं वळवून वेटोळ्याशी लावून बघितली, आणि हसल्या.

"हे सगळं उलटं आहे," त्या म्हणाल्या.

प्रोटीनमधली ही वेटोळी उजवी असतात. बाजारात मिळणारा कुठलाही स्क्रू घ्या, त्याचे आटे वळतात तशी. सगळ्या जीवसृष्टीत तशीच. आमची झाडून सगळी डावी होती. आरशातलं प्रोटीन. बाई काही कुचकटपणे हसल्या नव्हत्या, पण बाकीचे हसले, आणि एकानं विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हणाले, "आमच्या गावातल्या मोटार वायंडिंगवाल्यानं."

खोलीत मोठा हशा झाला. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. खोटं बोलले नव्हते, तारा मामांनीच गुंडाळल्या होत्या. पण सरांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं आणि मी ते गिळलं. माझी निवड झाली.

परत आले तेव्हा नळदुर्गच्या स्टँडवर सर भर उन्हात छत्री घेऊन उभे. निवड झाली म्हणून सांगितलं तर खोकं माझ्या हातातून घेत म्हणाले, "ते झालंच असतं. मॉडेलला काय म्हनले?"

"लई आवडलं, सर."

सर खोकं छातीशी धरून चालायला लागले, आणि छत्री खोक्यावर धरली, आपण उन्हात. त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मनाशी म्हटलं, कशाला म्हाताऱ्याचं मन मोडा.

दोन वर्षं गेली. अधूनमधून खालच्या वर्गातल्या पोरी भेटायच्या, त्यांच्याकडून कळायचं, की सर आता मॉडेल दाखवताना एक वाक्य नव्यानं म्हणतात: "हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हे हातात घेऊन बघितलंय, त्यांना लई आवडलंय." माझं खोटं त्यांनी धड्यात घातलं होतं. दरवर्षी नवा वर्ग डोळे मिटून उलटं विष आणि उलटा राखणदार बसवत होता, आणि माझ्या भरवशावर बसवत होता.

मग एके दिवशी सारिकाचा फोन आला. नळदुर्गजवळच्याच वस्तीवरची, माझ्यानंतर दोन वर्गांनी आलेली. आनंदानं तिला धड बोलता येईना. "ताई, मला बी तिथंच मुलाखतीला बोलवलंय! सर मॉडेल देनार हायत बरोबर. तुमच्या वेळी लई आवडलं होतं म्हनं?"

त्या रविवारी मी नळदुर्गला गेले. खाली रज्जाकमामा मोटार उघडून बसले होते. "अरे बेटा, कब आयी? सर हायत वर, जा." माडीवर सर खोकं समोर घेऊन भुसा भरत होते. मी बसलेही नाही. बसले असते तर चहा झाला असता, चहा झाला असता तर पुन्हा राहून गेलं असतं.

"सर, ते मॉडेल उलटं आहे. वेटोळी डावी आहेत. मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

सरांनी हात थांबवला. राखणदार उचलला. उजव्या हाताचा अंगठा वर केला, बोटं वळवून वेटोळ्याशी लावली. मग विष उचललं, तेच केलं. मग टेबलाच्या खणातून एक साधा स्क्रू काढला आणि तो वेटोळ्याशेजारी धरून इतका वेळ बघत राहिले, की खालून दोन ट्रक निघून गेले.

मग ते गॅलरीत गेले आणि वाकून ओरडले, "रज्जाकभाई, तुमी डावरे हाव का?"

"हौ सर. पैदाइशी."

"इतकी वरसं खाली-वर ऱ्हातो आपन. मला कधी बोलला न्हाईत?"

"तुमी कधी पुसलं न्हाई, सर!"

डाव्या हातानं सळई फिरवायची, तार आपसूक उलटी गुंडाळत जाणार. मामांच्या बाजूनं काही चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की कुठल्या बाजूनं वळवायचं. सर आत आले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"त्यांनी इचारलं असंल," सर म्हणाले, "कुनी केलं म्हनून. काय सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं. 'मोटार वायंडिंगवाल्यानं' असं मी म्हणाले, सगळे हसले, मी पण हसले, सगळं. बोलताना रडायलाच आलं.

सरांनी माठातलं पाणी दिलं. मी प्याले. तोवर ते खिडकीशी उभे होते. "मला बी तवा कुनी सांगितलं न्हवतं," ते हळूच म्हणाले. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते, हे वाक्य काही विसरता येत नाही.

मग एकदम त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. "चल. सारिकाला परवा जायचंय."

खाली दुकानात दुपारभर जे चाललं ते बघायला नळदुर्ग लोटायचं तेवढं बाकी होतं. मामा म्हणाले, "उजव्या हातानं मी फक्त जेवतो, सर. ह्ये काम त्याला जमनार न्हाई." म्हणून सळईशी सर बसले आणि मामा शिकवायला लागले. सरांची तार सारखी मुडपायची. "मारू नका तारेला, समजावा तिला," मामा म्हणायचे. आयुष्यभर शिकवलेला माणूस मान खाली घालून शिकत होता, चुकत होता आणि बोलणी खात होता. मी पिवळ्या नळ्या कापत बसले.

विष आधी तयार झालं. वेडंवाकडं होतं, पण उजवं होतं. सरांनी जुना राखणदार उचलला, डोळे मिटले आणि खाचेत बसवायला गेले. बसेना. फिरवून बघितला, उलटा करून बघितला. तांब्यावर पिवळी नळी घासत राहिली, टच् काही होईना. सरांनी डोळे उघडले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बसंना बघ! आता कळलं का, इतकी वरसं कुनाला शंका का न्हाय आली? दोघंबी एकाच हातचे चुकलेले. म्हनून एकमेकांत चपखल बसत व्हते." आणि मामांच्या पाठीवर थाप मारून हसायला लागले. मामाही हसले. मला तेवढं काही जमलं नाही.

सारिका नवं मॉडेल घेऊन मुलाखतीला गेली. त्यातला नवा राखणदार जरा ओढून बसवावा लागायचा, पण तिला कुणी हसलं नाही. सरांनी मग माझ्याकडून आणि कॉलेजच्या जुन्या रजिस्टरातून आजवरच्या विद्यार्थ्यांचे पत्ते जमवले. आमचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर एक ओळ टाकली की झालं, असं मी सुचवलं. "तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबून जातंय," म्हणाले, आणि पोस्टातून कार्डं आणली. कुणी औषधाचं दुकान काढलं होतं, कुणी ढाबा चालवत होतं, एक मुलगी मुरुमला सून होऊन गेली होती आणि शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलेली होती. प्रत्येकाला कार्ड गेलं, सरांच्या पुस्तकी मराठीत. 'मी शिकवलेल्या मॉडेलमधील सर्व वेटोळी उलट दिशेची होती. ती उजवी असतात. चूक माझी आहे. वहीत दुरुस्ती करावी.' मुरुमच्या त्या मुलीनं म्हणे लग्नातल्या ट्रंकेतून वही शोधून काढली आणि दुरुस्ती केली.

मलाही कार्ड आलं. त्याबरोबर एक खोकं, भुसा भरलेलं. आत जुनी जोडी होती, तांब्याचं विष आणि पिवळा राखणदार, दोन्ही उलटी. माझ्या कार्डावर सगळ्यांच्या मजकुराखाली दोन ओळी जास्त होत्या, आणि त्या मात्र तेरच्या बोलीत. 'कुनी केलं म्हनून इचारलं, तर तारा रज्जाकभाईंनी वळवल्या म्हनून सांग, अन् लई सुरेख वळवल्या म्हनून सांग. चूक सरांनी केली म्हनून सांग.'

सर आता निवृत्त होऊन तेरला असतात. अजूनही दह्याच्या भांड्यावरची ताटली काढण्याआधी टकटक करतात, असं त्यांची पुतणी सांगते. जुनी जोडी माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलावर असते. परवा बाहेरगावचे एक मोठे शास्त्रज्ञ भेटीला आले होते. सगळीकडं बघत बघत माझ्या टेबलापाशी थांबले, मॉडेल उचललं, अंगठा वर करून बोटं लावून बघितली, आणि तसेच हसले.

"हे उलटं आहे की. कुणी केलं?"

"तारा रज्जाकमामांनी वळवल्या," मी म्हणाले. "बघा ना, काय सुरेख हात आहे. आणि चूक माझ्या सरांची. मी त्यांचीच विद्यार्थिनी."

मग मी त्यांना खुर्ची दिली आणि डोळे मिटायला सांगितलं.